कळस चढल्यावर भरलेला पाया

२०१९च्या डिसेंबरमध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर महिलांची एक आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धा झाली. बक्षिसांची एकूण रक्कम २५ हजार डॉलर. अंतिम फेरीत दोघीही ब्रिटनच्याच होत्या. त्यातल्या नायक्था बेन्सला हरवून जी जिंकली, ती नुकतीच सतरा वर्षांची झालेली एमा राडुकानू. त्यानंतर एकवीस महिन्यांनी, ११ सप्टेंबर २०२१ रोजी, तीच मुलगी न्यूयॉर्कच्या आर्थर ॲश स्टेडियमवर अमेरिकन ओपनची विजेती झाली. पात्रता फेरीपासून सुरुवात करून ग्रँड स्लॅम जिंकलेलं त्याआधी टेनिसमध्ये कुणी नव्हतं, ना बायकांत ना पुरुषांत.

मी पुण्यात मुलींना टेनिस शिकवते. त्या सप्टेंबरनंतर काही महिने पालक मला एकच विचारत होते. “मॅडम, ती अठराव्या वर्षी जिंकली. आमची आता चौदाची आहे, म्हणजे अजून चार वर्षं हातात आहेत ना?” पुढे एमा पहिल्या-दुसऱ्या फेरीत हरू लागली तसा प्रश्न बदलला. “ती संपलीच ना हो? एकदाच नशीब फळफळलं.” दोन्ही प्रश्नांनी मला सारखाच त्रास होतो, कारण दोन्हींत त्या मुलीची फक्त तीन आठवड्यांची ओळख आहे. त्या तीन आठवड्यांच्या आधी बारा-तेरा वर्षं होती आणि नंतरही बरीच वर्षं आहेत. मुलीला टेनिसमध्ये घालणाऱ्या प्रत्येक घरानं ती सगळी नीट पाहावीत असं मला मनापासून वाटतं.

आधी पुण्यातली ती स्पर्धा म्हणजे काय ते सांगते. टीव्हीवर दिसतं ते टेनिस आणि हे टेनिस एकच असलं, तरी जगणं वेगळं. २५ हजार डॉलरच्या स्पर्धेत विजेतीच्या हाती सुमारे चार हजार डॉलर पडायचे. पहिल्याच फेरीत हरलेलीला जे मिळायचं त्यात हॉटेलचं बिलही भागत नसे. विमानाचं तिकीट, जेवण, प्रशिक्षक बरोबर असेल तर त्याचाही खर्च, हे सगळं खेळाडूच्या माथी. म्हणून बऱ्याच मुली एकट्याच येतात, नाहीतर आई बरोबर असते. सकाळी सरावाला कोर्ट मिळवायचं, सरावाला जोडीदार नसेल तर समोर दिसेल त्या मुलीला विचारायचं, संध्याकाळी खोलीवर कपडे धुवायचे. रॅकेटला तारा, म्हणजे गट, लावून देणाऱ्या गटिंगवाल्याच्या टेबलाशी थोडा वेळ उभं राहिलं तरी या मुलींचं सगळं चित्र दिसतं. कुणी तारांचा ताण सांगते, “भैया, पचास पाउंड”, कुणी सामना संपवून आल्या आल्या तुटलेल्या गटची रॅकेट त्याच्यापुढे ठेवून, उद्या किती वाजता लागणार ते सांगते. रॅकेट हातात परत आली की तळव्यावर आपटून आवाज ऐकते, बोटांनी तारा दाबून पाहते, आणि मगच पैसे काढते. त्यातली एखादी मंगळवारी हरते, की बुधवारी पुढच्या गावाची गाडी शोधायची. महाराष्ट्रात पुणे, सोलापूर, नवी मुंबई इथे अशा स्पर्धा होत आल्या आहेत, आणि जवळच राहणाऱ्या लोकांनाही बहुतेक वेळा त्याचा पत्ता नसतो.

मग मुली तिथे जातात कशाला? गुणांसाठी. जागतिक क्रमवारी गुणांवर ठरते. त्या वेळी अशी स्पर्धा जिंकली की ५० गुण मिळत. ग्रँड स्लॅम जिंकलं की २०००. हे गुण कायमचे नसतात. बावन्न आठवडे झाले की ते गळून पडतात आणि तेवढेच पुन्हा कमवावे लागतात, नाहीतर क्रमांक घसरतो. साधारण पहिल्या शंभरात असलेल्या मुलींना ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत थेट प्रवेश मिळतो. त्यांच्या मागच्या सव्वाशेएक जणींना पात्रता फेरी खेळावी लागते. त्या १२८ जणींतून लागोपाठ तीन सामने जिंकणाऱ्या सोळा मुली आत जातात.

ते तीन सामने किती अवघड असतात हे पुण्यातल्या टेनिसवाल्यांना वेगळं सांगावं लागत नाही. अंकिता रैना मूळची अहमदाबादची, पण घडली पुण्यात, हेमंत बेंद्रे सरांकडे. २०१८च्या एशियाडमध्ये तिनं एकेरीचं कांस्यपदक मिळवलं, पहिल्या दोनशेत आली. २०२१च्या ऑस्ट्रेलियन ओपनची पात्रता फेरी करोनामुळे दुबईत झाली, तिथे ती तिसऱ्या सामन्यापर्यंत पोचली आणि तीन सेटमध्ये हरली. एक सामना मध्ये उभा राहिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला एमानं हीच पायरी गाठली आणि ओलांडली.

एमाचा जन्म १३ नोव्हेंबर २००२चा, कॅनडातल्या टोरांटोचा. वडील इयन रुमानियाचे, आई रेने चीनमधल्या शेनयांगची. मुलगी दोन वर्षांची असताना हे कुटुंब लंडनजवळच्या ब्रॉमलीला आलं. पाचव्या वर्षी टेनिसची रॅकेट हातात आली, पण त्याबरोबर बॅले, घोडेस्वारी, गो-कार्टिंग, मोटोक्रॉस, टेबल टेनिस, बास्केटबॉल हे सगळंही चालू होतं. माझ्याकडे सहा वर्षांची मुलगी घेऊन येणारे आणि “फक्त टेनिसच करायचंय, बाकी सगळं बंद केलंय” असं अभिमानानं सांगणारे पालक असतात, त्यांना मी ही यादी वाचून दाखवते. लहान वयात वेगवेगळ्या खेळांनी पायांना जे वळण लागतं, ते पुढे नुसते बॉल मारून येत नाही. एमा कोर्टवर बाजूला सरकते तेव्हा तिचे पाय पाहा. तोल कधी जात नाही.

वडिलांची आणखी एक पद्धत होती. एकाच प्रशिक्षकाकडे सगळं शिकायचं नाही. सर्व्हिस एकाकडून, फोरहँड दुसऱ्याकडून, ज्याचं जे चांगलं ते त्याच्याकडून घ्यायचं. याचा संबंध पुढे येईल.

शाळाही सुटली नव्हती. ती न्यूस्टेड वुड या मुलींच्या शाळेत शिकत होती आणि ए लेव्हलला, म्हणजे आपल्या बारावीच्या जागी असलेल्या परीक्षेला, गणित आणि अर्थशास्त्र घेऊन बसली. पुण्याची स्पर्धा जिंकल्यानंतर तीनच महिन्यांनी करोनानं जगभरचं टेनिस थांबवलं. २०२१च्या जूनपर्यंत ती फार थोडे सामने खेळली. अभ्यास केला, परीक्षा दिली. निकाल ऑगस्टमध्ये लागला: गणितात ए स्टार, अर्थशास्त्रात ए.

त्या जूनमध्ये तिचा क्रमांक होता ३३८. ब्रिटिश खेळाडू म्हणून तिला विम्बल्डनचं वाइल्ड कार्ड मिळालं. वाइल्ड कार्ड म्हणजे क्रमांकाच्या जोरावर मिळणार नाही असा प्रवेश आयोजकांनी स्वतःच्या अधिकारात देणं. तिथे तिनं डायाचेन्को, वोंद्रुशोवा आणि सिर्स्टिया या तिघींना एकही सेट न गमावता हरवलं आणि चौथी फेरी गाठली. सोमवारी संध्याकाळी उशिरा अज्ला टोमल्यानोविचविरुद्ध खेळताना दुसऱ्या सेटमध्ये तिला श्वास लागू लागला आणि सामना सोडावा लागला. दुसऱ्या दिवशी ब्रिटनमध्ये तिच्या मनाच्या बळावरून मोठमोठे लोक बोलत होते. अठरा वर्षांची मुलगी, पहिलंच ग्रँड स्लॅम, आयुष्यात कधी न पाहिलेली गर्दी. दमछाक होणं याहून स्वाभाविक काय असतं? मला आजही त्या बोलण्याचा राग येतो.

त्यानंतरचे सात आठवडे कुणी फारसे आठवत नाही, आणि माझ्या मते खरं काम तिथेच झालं. ती अमेरिकेला गेली आणि लहान स्पर्धा खेळत राहिली. सॅन होजेला पहिल्याच फेरीत झांग शुआईकडून हरली. शिकागोला दुसऱ्या स्तराच्या स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत पोचली आणि क्लारा टॉसनकडून तीन सेटमध्ये हरली. हातात चषक नाही, पण सामन्यांमागून सामने झाले. न्यूयॉर्कला पोचली तेव्हा क्रमांक १५० होता. परतीचं विमानाचं तिकीट पात्रता फेरी संपल्यानंतरचं काढून ठेवलं होतं. पात्रता फेरीच्या वेळी तिचे एअरपॉड्स हरवले, तेव्हा ती स्वतःला म्हणाली की हा सामना जिंकलीस तर नवे घेता येतील. इतकं साधं मोजमाप डोक्यात ठेवून ती कोर्टवर उतरली होती.

पात्रता फेरीत बिबियान स्खूफ्स, मरियम बोल्कवाद्झे आणि मयार शेरीफ. मुख्य फेरीत स्टेफानी फोगेले, मग तीच झांग शुआई जिच्याकडून ती महिन्यापूर्वी हरली होती, मग सारा सोरिबेस टोर्मो, शेल्बी रॉजर्स, ऑलिम्पिक सुवर्णपदक घेऊन आलेली बेलिंडा बेन्सिच, मारिया सक्कारी. अंतिम फेरीत लेला फर्नांडिस. दहा सामने, वीस सेट, वीसही जिंकलेले. सोरिबेस टोर्मोविरुद्ध ६-०, ६-१. रॉजर्सविरुद्ध ६-२, ६-१.

हे कसं झालं? मी माझ्या मुलींना ते सामने पुन्हा पुन्हा दाखवते आणि एकाच गोष्टीकडे बघायला सांगते: समोरची सर्व्हिस करत असताना एमा कुठे उभी आहे? बहुतेक खेळाडू वेगवान सर्व्हिसला मागे सरकतात, बॉल जमिनीवरून उठून खाली येऊ लागला की मारतात. एमा बेसलाइनला पाय लावून उभी राहते. दुसरी सर्व्हिस असेल तर एक पाऊल आतच येते आणि बॉल उसळी घेत असतानाच मारते, विशेषतः दोन हातांच्या बॅकहँडनं. याचा परिणाम असा की सर्व्हिस करणारीला पुढच्या फटक्यासाठी नेहमी मिळतो तो अर्धा सेकंद मिळतच नाही. सर्व्हिस करणं हा टेनिसमध्ये फायदा असतो. त्या तीन आठवड्यांत एमासमोर तो फायदा कुणाला घेता आला नाही. आणि हे नशिबानं होत नाही. बॉल उठता उठता मारायला डोळे आणि पाय दोन्ही आधी पोचावे लागतात, आणि चुकलं तर बॉल थेट मागच्या जाळीत जातो. वीस सेट कुणाचा बॉल नशिबानं आत पडत नाही.

अंतिम सामना दोन मुलींचा होता. फर्नांडिस कॅनडाची, त्याच आठवड्यात एकोणीस पूर्ण झालेली, क्रमांक ७३, आणि तिनं वाटेत ओसाका, केर्बर, स्वितोलिना, सबालेंका एवढ्या जणींना हरवलं होतं. ग्रँड स्लॅमच्या एकेरीच्या अंतिम फेरीत दोघीही विशीच्या आतल्या, असं त्याआधी १९९९मध्ये सेरेना विल्यम्स आणि मार्टिना हिंगीस यांच्यात झालं होतं. एमानं पहिला सेट ६-४ घेतला, दुसऱ्यात ५-२वर दोन मॅच पॉइंट मिळाले, दोन्ही गेले. ५-३वर तिची स्वतःची सर्व्हिस. ३०-४० असताना ती एका बॉलसाठी घसरत गेली आणि डाव्या गुडघ्याला खरचटून रक्त वाहू लागलं. नियम असा आहे की रक्त येत असताना खेळता येत नाही. पट्टी बांधावीच लागते. फर्नांडिसला ते रुचलं नाही, तिनं अधिकाऱ्याकडे तक्रार केली, आणि तिच्या बाजूनं पाहिलं तर तेही समजण्यासारखं आहे, कारण ब्रेक पॉइंट तिचा होता आणि लय तिची तुटली. पण मी या प्रसंगात एमाकडे पाहते. सामना हातातून निसटायला लागला आहे, दोन मॅच पॉइंट वाया गेलेत, पाय पसरून खुर्चीत बसायचं आणि कुणीतरी गुडघ्याला पट्टी लावतंय. डोक्यात नको ते विचार यायला याहून चांगली वेळ नाही. ती उठली, दोन ब्रेक पॉइंट वाचवले आणि तिसऱ्या मॅच पॉइंटला एस मारला. ६-४, ६-३. प्रेक्षकांत व्हर्जिनिया वेड बसल्या होत्या. १९७७मध्ये त्यांनी विम्बल्डन जिंकल्यानंतर ग्रँड स्लॅम एकेरी जिंकणारी एमा ही पहिलीच ब्रिटिश महिला.

बक्षीस २५ लाख डॉलरचं. त्याआधीच्या साऱ्या कारकिर्दीत मिळून तिनं सुमारे तीन लाख डॉलर कमावले होते. पात्रता फेरीचे ४० आणि विजेतेपदाचे २०००, असे २०४० गुण एकदम जमा झाले आणि क्रमांक १५० वरून २३ वर आला. जाहिराती आल्या: टिफनी, डिओर, ब्रिटिश एअरवेज, पोर्शे. वर्षअखेरीला बीबीसीनं तिला वर्षातली सर्वोत्तम खेळाडू ठरवलं.

इथून पुढचं नीट समजून घ्यायला हवं. सामान्यतः मुलगी आधी पुण्यासारख्या लहान बक्षिसांच्या स्पर्धा दोन-तीन वर्षं खेळते, मग थोड्या मोठ्या, मग ग्रँड स्लॅमच्या पात्रता फेऱ्या, मग कधीतरी पहिल्या शंभरात येते. या वर्षांत तिला लागोपाठ आठवडे खेळण्याची सवय होते, दर आठवड्याला हरून पुन्हा उभं राहायची सवय होते, कुठलं दुखणं सोसायचं आणि कुठल्या दुखण्यावर थांबायचं हे शरीराकडून कळतं. एमाच्या वाट्याला ही वर्षं आलीच नाहीत. आधी शाळा, मग करोना, मग थेट कळस. पाया भरायचं काम शिल्लक होतं, आणि ते आता साऱ्या जगासमोर, जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंविरुद्ध करायचं होतं. अमेरिकन ओपनच्या आधी ती महिलांच्या मुख्य मालिकेतल्या मोजक्याच स्पर्धा खेळली होती. पहिली नॉटिंगहॅमला, त्याच जूनमध्ये, आणि तिथे पहिल्या फेरीतच हरली होती.

न्यूयॉर्कनंतरची पहिली स्पर्धा कॅलिफोर्नियातली इंडियन वेल्स. पहिल्याच सामन्यात अलियाकसांद्रा सास्नोविचकडून सरळ सेटमध्ये हार. आता समोर येणारी प्रत्येक जण तिचे सामने पाहून येत होती आणि ग्रँड स्लॅम विजेतीला हरवणं हा तिच्यासाठी वर्षातला मोठा दिवस असणार होता. २०२२च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये दुसऱ्या फेरीत डांका कोविनिचविरुद्ध तिच्या उजव्या हाताला मोठे फोड आले. फोरहँड मारताच येईना. तेव्हा तिनं बॉल खालून कापत, निव्वळ स्लाइसवर खेळायला सुरुवात केली आणि एक सेट जिंकलीही. शेवटी ४-६, ६-४, ३-६ अशी हरली. फोड का येतात? हाताची कातडी तेवढ्या खेळाला सरावलेली नसते म्हणून. इतक्या साध्या गोष्टीतसुद्धा मधली वर्षं कमी पडलेली दिसतात.

जुलै २०२२मध्ये ती दहाव्या क्रमांकावर पोचली, तीच तिची सर्वोत्तम जागा. पण हा क्रमांक न्यूयॉर्कच्या गुणांवर उभा होता. सप्टेंबरमध्ये बावन्न आठवडे पूर्ण झाले. अमेरिकन ओपनला गतविजेती म्हणून उतरलेली ती पहिल्याच फेरीत अलिझे कॉर्नेकडून हरली आणि ११ वरून ८३ वर आली. वर्तमानपत्रांनी याला ‘कोसळणं’ म्हटलं. मला ते हिशेबाचं दुरुस्त होणं वाटलं. एका स्पर्धेचे गुण वजा झाल्यावर उरली ती तिची त्या वेळची खरी जागा, आणि एकोणिसाव्या वर्षी जगात त्र्याऐंशीवं असणं ही भारतातल्या कुठल्याही मुलीनं आनंदानं घेतलेली गोष्ट ठरली असती.

प्रशिक्षकांबद्दल मात्र माझं मत तिच्या निर्णयांच्या विरुद्ध आहे. विम्बल्डनला नायजेल सीअर्स होते, न्यूयॉर्कला अँड्र्यू रिचर्डसन, जे तिला लहानपणापासून ओळखत होते. जिंकल्यावर काही दिवसांतच ते गेले. मग टॉर्बेन बेल्ट्झ, मग दिमित्री तुर्सुनोव, मग सेबास्टियन झाक्स. ज्याचं जे चांगलं ते घ्यावं, ही वडिलांची पद्धत बाराव्या वर्षी उत्तम होती. फटका शिकायचा असतो तेव्हा नवे डोळे उपयोगी पडतात. पण दर आठवड्याला वेगळ्या देशात, वेगळ्या कोर्टवर, वेगळ्या बनावटीच्या बॉलनं खेळायचं असतं तेव्हा मुलीला शिकवणारापेक्षा ओळखणारा माणूस लागतो. सकाळी सरावाला ती कशी चालत आली त्यावरून आज किती खेळवायचं ते ज्याला कळतं, असा. असं कळायला महिने जातात. मी कोच आहे म्हणून कोचची बाजू घेते असं कुणी म्हणेल, पण ही गोष्ट मी मुलींच्या बाजूनंच सांगते आहे.

शरीरानं २०२३मध्ये हात टेकले. त्या मे महिन्यात तिच्या दोन्ही हातांवर आणि डाव्या घोट्यावर शस्त्रक्रिया झाल्या. दोन हातांच्या बॅकहँडमध्ये दोन्ही मनगटांवर ताण येतो. बॉल उठता उठता मारणाऱ्या खेळाडूच्या मनगटाला तर येणारा वेग स्वतःच थोपवावा लागतो. जी तिची ताकद, तीच तिची दुखरी जागा. फ्रेंच ओपन, विम्बल्डन, अमेरिकन ओपन तिन्ही गेल्या. वर्ष संपलं तेव्हा क्रमांक तीनशेच्या आसपास होता. पुण्यात खेळणाऱ्या मुलींचा असतो तसा.

माझ्या दृष्टीनं तिची खरी कारकीर्द २०२४च्या जानेवारीत सुरू झाली. निक कॅव्हडे हे ब्रॉमलीच्या दिवसांतले प्रशिक्षक परत आले आणि वर्षभर टिकले. ऑस्ट्रेलियात तिनं पहिल्या फेरीत शेल्बी रॉजर्सलाच हरवलं. एप्रिलमध्ये देशांच्या महिला संघांमधल्या बिली जीन किंग कपसाठी फ्रान्समध्ये, क्ले कोर्टवर, कॅरोलिन गार्सिया आणि दियान पारी या दोघींना त्यांच्याच प्रेक्षकांसमोर हरवलं. जूनमध्ये ईस्टबर्नला जेसिका पेगुलाविरुद्ध पहिला सेट गमावून ४-६, ७-६, ७-५ असा सामना काढला. जगातल्या पहिल्या दहांपैकी कुणाला हरवण्याची तिची ही पहिलीच वेळ होती. ग्रँड स्लॅम आधी, पहिल्या दहांतला पहिला विजय तीन वर्षांनी! या एका ओळीत तिच्या कारकिर्दीचा उलटा क्रम सगळा आला. आणि हा विजय न्यूयॉर्कसारखा उडत आलेला नव्हता. मागे पडून, चुका करत, अडीच तासांहून अधिक झुंजून मिळवलेला होता. विम्बल्डनला पुन्हा चौथी फेरी.

मुलींच्या खेळाबद्दल लिहायचं आणि पुढची गोष्ट गाळायची, हे मला जमणार नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये दुबईत कॅरोलिना मुखोवाविरुद्ध सामना सुरू असताना एमाला पुढच्याच रांगांत एक माणूस दिसला, जो आधीपासून तिच्या मागावर होता. ती पंचांच्या उंच खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. ती रडत होती. मुखोवा जाळीपलीकडून तिच्यापाशी आली. त्या माणसाला बाहेर काढलं गेलं, आणि एमा परत कोर्टवर येऊन तो सेट टायब्रेकपर्यंत खेळली. मुलगी एकटी प्रवास करते, एकटी हॉटेलात राहते, आणि तिचे रोजचे सामने कुठे, किती वाजता, हे जगजाहीर असतं. मुलींना परगावी खेळायला पाठवताना आईबापांच्या पोटात जो गोळा येतो तो खोटा नाही. त्यावर उपाय मुलीला घरी बसवणं हा नसून तिच्याबरोबर विश्वासाचं माणूस असणं आणि आयोजकांनी सुरक्षेची जबाबदारी चोख घेणं हा आहे. लहान स्पर्धांत यातलं दुसरं फार कमी दिसतं.

अठराव्या वर्षाचा धोशा लावणाऱ्या पालकांना मी आपल्याच मुलीचं उदाहरण देते. ऋतुजा भोसले श्रीरामपूरची. ती अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकत खेळली, परत येऊन लहान-मोठ्या स्पर्धा खेळत राहिली, आणि हांगझोऊच्या एशियाडमध्ये ३० सप्टेंबर २०२३ला रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक जिंकली. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती आणि बोपण्णा त्रेचाळीसचा. पहिला सेट २-६ असा गमावूनही ते जिंकले. टेनिसमध्ये वय एवढं लवकर सरत नाही. सरतो तो घरातल्यांचा धीर.

एमाचं २०२५ हे वर्ष मी सर्वांत जास्त लक्ष देऊन पाहिलं. मायामीत उपांत्यपूर्व फेरी. वॉशिंग्टनला ओसाका आणि सक्कारीला हरवून उपांत्य फेरी. विम्बल्डनला तिसऱ्या फेरीत अव्वल क्रमांकाच्या आरिना सबालेंकाशी गाठ पडली. ६-७, ४-६ अशी हरली, पण पहिला सेट तिच्या अगदी हाताशी आला होता. पुढच्याच महिन्यात सिनसिनाटीला पुन्हा सबालेंका. तीन तासांवर चाललेला सामना, ६-७, ६-४, ६-७. सबालेंकासारख्या बॉल फोडून काढणाऱ्या खेळाडूसमोर ही मुलगी आता मागे हटत नव्हती आणि तिसऱ्या तासालाही तिचे पाय बेसलाइनवरच होते. त्या वेळेपासून राफाएल नदालबरोबर अनेक वर्षं काम केलेले फ्रान्सिस्को रॉइग तिला मार्गदर्शन करू लागले. अमेरिकन ओपनला तिसऱ्या फेरीत एलेना रिबाकिनानं तिला ६-१, ६-२ असं एकतर्फी हरवलं. अजून कुठे जायचं आहे तेही त्या सामन्यात दिसलं.

२०२५ अखेरपर्यंत न्यूयॉर्क सोडून तिच्या नावावर मुख्य मालिकेतलं दुसरं विजेतेपद नव्हतं. पण वर्ष संपताना ती पहिल्या तिसांत होती, आणि या वेळी ते गुण एका स्पर्धेचे नव्हते. जानेवारीपासून वर्षभर, आठवड्यामागून आठवडा, कधी दोन फेऱ्या, कधी तीन फेऱ्या जिंकून ते जमले होते. पहिल्या बत्तीसांत असलं की ग्रँड स्लॅममध्ये मानांकन मिळतं, म्हणजे पहिल्या दोन फेऱ्यांत दुसऱ्या कुठल्या मानांकित खेळाडूशी गाठ पडत नाही. २०२१मध्ये न्यूयॉर्कला खेळताना तिला ते मिळालेलं नव्हतं. २०२५ संपताना ते तिनं स्वतः कमावलं होतं.